भरसमुद्रात दुसरी होडी अडकलेली दिसली तर आपण नेमकं काय करायचं?

आंजर्ल्याचा_बाळ
नमस्कार मंडळी. आंजर्ल्याच्या खाडीत आमची एक छोटी फायबरची होडी आहे, मागे आउटबोर्ड इंजिन, गळ टाकायला आणि घरच्या पाहुण्यांना सुवर्णदुर्गापर्यंत फिरवून आणायला. गणपतीत सगळे जमले तेव्हा वाद पेटला. चुलतभाऊ म्हणतो कुणाची होडी बंद पडलेली दिसली की सरळ जवळ जायचं, दोर बांधायचा, टोचन करून आणायची, त्यात विचार कसला करायचा. काकांची हयात दर्यावर गेलीये, ते म्हणतात लांब राहा, आधी कळव, नाहीतर मागून येणाऱ्याला एकाच्या जागी दोन होड्या शोधाव्या लागतील. दोघं एकमेकांना वेड्यात काढून झोपायला गेले.

तर प्रश्न असा, की आपण छोट्या होडीत आहोत, समोर कुणीतरी हात हलवतंय, इंजिन बंद दिसतंय. किती जवळ जायचं? दोर द्यायचा का? माणसं आपल्या होडीत घ्यायची का? ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी लिहा, यूट्यूबवर बघितलेलं नको.

कोकणकडा
काका बरोबर. धागा बंद करा.

सदाशिवपेठी_खलाशी
आमच्याकडे खडकवासल्याला कुणाचीही होडी बंद पडली तरी आम्ही १ ते ४ मदत करत नाही.

तांडेल_हर्णै
बाळभाऊ, काका बरोबर आहेत आणि चुलतभाऊ पण अर्धा बरोबर आहे. दर्यावर शेजारच्या बोटीने सोडून दिलं तर येणार कोण? आमच्या बोटी निघतात तेव्हा एकमेकांच्या नजरेत असतात, रात्री वायरलेसवर बोलणं चालू असतं, कुणाचं इंजिन बसलं की दुसरा जाळं काढून तिकडे जातो, त्या रात्रीचा धंदा बुडाला तरी. उद्या आपली पण पाळी असते.

पण जायची पद्धत असते. पहिलं म्हणजे सरळ त्याच्या अंगावर जायचं नाही. लांबून एक पूर्ण चक्कर मारायची. बघायचं की तो वाऱ्याने वाहतोय की करंटने, कुठल्या दिशेला, त्याच्या आजूबाजूला पाण्यात काय आहे. इंजिन बंद पडायचं निम्म्या वेळा कारण हेच असतं की पंख्यात जाळं नाहीतर दोर गुंतलाय, आणि तेच जाळं तुमची वाट बघत पाण्याखाली पसरलेलं असतं. तुम्ही घाईघाईने मागून गेलात की तुमचा पण पंखा गेला. मग दोघं बसा गप्पा मारत.

दुसरं, बोटीला बोट लावायची नाही. किनाऱ्यावरून समुद्र शांत वाटतो, पण दोन बोटी बाजूला आल्या की एक वर जाते तेव्हा दुसरी खाली येते. मधे हात घातला तर बोटं राहात नाहीत. टायर बांधलेले असले तरी नाही.

खारा_वारा
तांडेल, मग दोर द्यायचा कसा? फेकून तर जात नाही, वाऱ्यात परत तोंडावर येतो.

तांडेल_हर्णै
फेकायचाच कशाला. तेलाचा रिकामा कॅन घ्या, झाकण घट्ट लावा, दोराच्या टोकाला बांधा, पाण्यात सोडा. मग त्याच्या पुढून लांबून वळसा घालून जा, कॅन मागे तरंगत येतो आणि दोर आपोआप त्याच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, जाऊन लागतो. तो बांबूच्या हुकाने उचलून घेईल. पाण्यात दोर असताना तुमचा पंखा फिरतोय हे मात्र डोक्यात ठेवा, एक माणूस फक्त दोराकडे बघायला पाहिजे, त्याने दुसरं काही करायचं नाही, फोटो तर अजिबात नाही.

निवृत्त_जहाजी
मर्चंट नेव्हीत आयुष्य गेलं, आता अलिबागला आहे. तांडेलसाहेबांनी चांगलं लिहिलंय, पण एक गोष्ट सगळ्यांच्या आधी येते, ती म्हणजे कळवणं. टोचन चालू करायच्या आधी, दोर काढायच्या आधी. मोबाईलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४, सागरी पोलिसांचा १०९३. व्हीएचएफ वायरलेस असेल तर चॅनल १६. काय सांगायचं ते पण ठरलेलं आहे, आपण कोण, कुठे आहोत, समोरच्याला काय झालंय, माणसं किती. जागा सांगताना "हर्णैच्या समोर" असं सांगू नका, जीपीएसचे आकडे वाचून दाखवा, हल्ली फोनमध्ये असतात. आणि समोरच्याकडे वायरलेस नसेल तर त्याचा मेडे, म्हणजे जिवावरच्या संकटाची हाक, तुम्ही पुढे द्यायचा, त्याला मेडे रिले म्हणतात.

इंजिन बंद पडलंय पण हवा शांत आहे, कुणाला इजा नाही, तर तो मेडे नाही, पॅन पॅन आहे, म्हणजे तातडीची पण त्याहून हलकी हाक. जिवाला धोका असेल तेव्हाच मेडे.

अजून एक. हात हलवतोय म्हणजे नमस्कार करतोय असं समजून लोक हात हलवून पुढे जातात. दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करणं ही आंतरराष्ट्रीय खूण आहे. लाल फ्लेअर, नारिंगी धूर, रात्री टॉर्चने तीन छोटे तीन लांब तीन छोटे.

कोकणकडा
आमच्याकडे बांबूला लुंगी बांधून हलवतात. आंतरराष्ट्रीय नसेल पण लांबून दिसते.

निवृत्त_जहाजी
@कोकणकडा चालेल. लाल असेल तर उत्तम.

तांडेल_हर्णै
जहाजीसाहेब, १५५४ बरोबर आहे, पण आम्ही जिथे असतो तिथे मोबाईलला एक कांडी पण नसते. डॅट मशीन आहे, बटण दाबलं की उपग्रहावरून तटरक्षक दलाला कळतं, ते खरं कामाचं. पण सगळे बोटवाले ते चार्ज करून ठेवतात का? काहींचं घरी कपाटात आहे, हरवू नये म्हणून.

मालवणी_बांगडो
आदी माणसा, मगे होडी. होडी बँकेची, माणूस घरचो.

प्रिया_दापोली
बांगडो, हे टीशर्टवर छापायला पाहिजे.

पण मला एक शंका आहे. माणसं आधी काढा म्हणतात, तर भर लाटांत माणसं या होडीतून त्या होडीत घेणं जास्त धोक्याचं नाही का? समोरची होडी नुसती बंद पडलीये, बुडत नाहीये, तर माणसं तिथेच बरी ना?

निवृत्त_जहाजी
@प्रिया_दापोली अगदी बरोबर मुद्दा. तरंगणारी होडी सोडायची नाही हा नियमच आहे. होडी पाण्यावर असेपर्यंत माणसं तिच्यातच, लाईफ जॅकेट घालून. पाणी शिरतंय, आग लागलीये, खडकावर जातेय, तरच बदलायची.

आणि बदलताना छोट्या होडीवाल्याने आपली क्षमता बघायची. तुमची सहा माणसांची होडी असेल, आत चार जण बसलेत आणि समोर दहा आहेत, तर तुम्ही दोन घ्याल, बाकीच्यांकडे दोर, फ्लोट, रिकामे कॅन फेकाल, आणि मोठी बोट येईपर्यंत जवळ थांबाल. ऐकायला वाईट वाटतं. पण दहाच्या दहा एकाच कडेला लटकले की तुमची होडी पण उलटते. हे पाण्यात नेहमी होतं, कारण घाबरलेला माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

मुंबईकर_भाऊचा_धक्का
२०२४ च्या डिसेंबरात १८ तारखेला गेटवेवरून घारापुरीला जाणाऱ्या नीलकमल बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली तेव्हा आजूबाजूला असलेल्या बोटी पहिल्या पोचल्या. बोटीवर शंभराहून जास्त माणसं होती, १५ जीव गेले, पण ज्यांना बाहेर काढलं त्यातले बरेच जण अशा जवळच्या बोटींनी काढले. म्हणजे शेजाऱ्याने जायचंच, त्यात वादच नाही. आणि मांडव्याजवळचं आठवतंय ना, मार्च २०२०, प्रवासी बोट बुडायला लागली आणि पोलिसांच्या गस्तीच्या बोटीने ८८ जणांना वाचवलं. एवढी माणसं एका बोटीवर घेताना वर कसं सांभाळलं असेल हा विचार मी नेहमी करतो.

खारा_वारा
त्या नीलकमलनंतर लाईफ जॅकेट सक्तीचं केलं. आता गेटवेला गेलात तर जॅकेट देतात, लोक ते घालून सेल्फी काढतात आणि मग उशी करून बसतात.

प्रिया_दापोली
वास येतो हो त्यांना.

खारा_वारा
वासाने कुणी मेल्याचं ऐकिवात नाही.

बेलापूरची_वकीण
कायद्याचं थोडं. समुद्रात संकटातल्या माणसांना मदत करणं ही जहाजाच्या कप्तानावर कायद्याने टाकलेली जबाबदारी आहे, आंतरराष्ट्रीय सोलास करारात, म्हणजे समुद्रावरच्या जिवांच्या सुरक्षेच्या करारात आहे आणि आपल्या मर्चंट शिपिंगच्या कायद्यात पण. सोलासचं मूळ १९१२ ची टायटॅनिक, त्यानंतर १९१४ ला पहिला करार झाला. पण त्याच नियमात हेही आहे की स्वतःच्या जहाजाला आणि माणसांना गंभीर धोका असेल तर जायची सक्ती नाही, न जाण्याचं कारण मात्र लॉगबुकात लिहायचं. म्हणजे काकांचं म्हणणं आणि चुलतभावाचं म्हणणं एकाच कलमात आहे :)

छोट्या गळाच्या होडीला सगळे नियम जसेच्या तसे लागतात असं नाही, पण दिशा हीच.

उत्सुक_मासा
वकीणबाई, टोचन करून आणली तर पैसे मागता येतात का? सुरमईचा सीझन सोडून गेलो, डिझेल जळलं, त्याचं काय?

बेलापूरची_वकीण
वाचवलेल्या माणसांकडून पैसे मागता येत नाहीत, ही जुनी रीत आहे. मालमत्ता वाचवली, म्हणजे बोट, माल, तर साल्व्हेज म्हणून मोबदला मागता येतो, आणि तोही काम यशस्वी झालं तरच. बोट वाटेत बुडाली तर काही नाही.

तांडेल_हर्णै
आमच्यात कुणी मागत नाही. समोरचा डिझेल भरून देतो, नारळ देतो, कधी एक टोपली मासे. मागितले तर बंदरात तोंड दाखवायला जागा नाही राहात.

उत्सुक_मासा
कसला नारळ, भाऊ. मागच्या साली आमच्या एका नातलगाला टोचन केलं त्या माणसाने त्याला दुकानात बघून रस्ता बदलला.

तांडेल_हर्णै
तो दर्यातला नसणार. विकेंडवाला असेल.

आंजर्ल्याचा_बाळ
ओ तांडेल, आम्ही पण विकेंडवालेच आहोत.

तांडेल_हर्णै
तुम्ही विचारताय तरी.

मालवणी_बांगडो
पैशाचा काय घेवन बसलात. २०१७ क ओखी वादळाच्या टायमाक केरळ-तमिळनाडूच्यो बोटी देवगडात आसऱ्याक इल्यो होत्यो, भाषा कळा नाय, पण लोकांनी जेवाण घातला. कोणी बिल नाय केला.

डॉ_मंदार
पाण्यातून माणूस बाहेर काढल्यावरचं सांगतो, कारण तिथे गडबड होते. एक, पोट दाबून पाणी काढत बसू नका, उलटा लटकवून झुलवू तर अजिबात नका. सिनेमात दाखवतात म्हणून लोक करतात, त्यात वेळ जातो आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. श्वास नसेल तर बुडालेल्या माणसाला आधी तोंडाने श्वास द्यायचे आणि मग छाती दाबायची. नुसती छाती दाबणं हे हृदय अचानक बंद पडलेल्याला चालतं, बुडालेल्याला ऑक्सिजन लागतो.

दोन, बराच वेळ पाण्यात असलेला माणूस शक्य असेल तर आडवा वर घ्यायचा, उभा ओढून नाही. पाण्याचा दाब एकदम निघून गेला की रक्तदाब पडतो आणि वाचलेला माणूस बोटीत येऊन कोसळतो. कोकणात पाणी गार नसतं म्हणून हे होत नाही असं समजू नका, रात्रभर पाण्यात राहिला तर आपल्याकडेही अंग गार पडतं. तीन, बुडून वाचलेला आणि खोकणारा माणूस "मी ठीक आहे" म्हणाला तरी दवाखान्यात न्यायचा.

खारा_वारा
पाण्यातल्या माणसाकडे जायचं कुठल्या बाजूने? पुस्तकात लिहितात वाऱ्याच्या बाजूला आपली बोट ठेवायची म्हणजे त्याला आडोसा मिळतो.

निवृत्त_जहाजी
मोठ्या जहाजाला ते बरोबर. जहाज भिंतीसारखं उभं राहतं, पलीकडे पाणी शांत होतं.

तांडेल_हर्णै
हे मला पटत नाही. छोटी होडी हलकी, वारा तिला माणसापेक्षा जोरात ढकलतो. तुम्ही वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबलात तर होडी येऊन त्याच्या डोक्यावर बसेल. आम्ही खालच्या बाजूने, वाऱ्याकडे तोंड करून हळू जातो, म्हणजे होडी हातात राहते, गिअर काढला की थांबते. आणि माणूस हाताच्या अंतरावर आला की इंजिन बंद. न्यूट्रल नाही, बंद. कुणाचा पाय लिव्हरला लागला तर?

निवृत्त_जहाजी
@तांडेल_हर्णै छोट्या होडीसाठी मान्य. माझं जहाजाचं गणित होतं. इंजिन बंद करण्याबद्दल मात्र मी दहा वेळा विचार करेन, परत चालू झालं नाही तर तुम्हीच वाहत जाल.

तांडेल_हर्णै
ज्याचं इंजिन परत चालू व्हायची खात्री नाही त्याने आधी मेकॅनिककडे जावं, मदतीला नंतर.

शशांक_लीड्स
इंग्लंडमधून. इथे आरएनएलआय नावाची संस्था १८२४ पासून हे काम करते, देणग्यांवर चालते, बोटींवर जाणारे बरेचसे स्वयंसेवक, कुणी प्लंबर, कुणी शिक्षक, पेजर वाजला की पळतात. आपल्या प्रत्येक बंदराला अशी एक टीम का नसावी?

कोकणकडा
आहे की, तिला "अरे पांडू, बोट काढ" म्हणतात.

चुलतभाऊ_एकमेव
मीच तो चुलतभाऊ. बाळने लिंक पाठवली. एवढे सगळे माझ्या विरोधात आहेत बघून बरं वाटलं. पण एक सांगा, समोरची होडी खडपाकडे वाहत चाललीये, पंधरा मिनिटांत आपटणार आहे, १५५४ वाले मुंबईहून निघून येईपर्यंत मी लांबून चकरा मारू?

तांडेल_हर्णै
या, या. चांगला प्रश्न आहे. सांगा बरं, ओरडून त्यांना पहिलं काय सांगाल?

चुलतभाऊ_एकमेव
दोर पकडा?

तांडेल_हर्णै
"नांगर टाका". बंद पडलेल्या होडीतला माणूस इंजिनचं झाकण उघडून आत डोकं घालून बसलेला असतो, होडी कुठे चाललीये ते त्याच्या ध्यानातच नसतं. नांगर पुढे पडलेलाच असतो. तो टाकला, जमिनीला लागला, की तुमची पंधरा मिनिटं दोन तास होतात. मग सावकाश दोर द्या. खडपाच्या जवळ पाणी फुटत असेल तिथे तुम्ही आत शिरायचं नाही, बाहेर उभं राहून कॅनवर दोर सोडायचा.

निवृत्त_जहाजी
यासाठी तांडेलना माझ्यातर्फे एक नारळ.

आता टोचनबद्दल, म्हणजे बाळच्या मूळ प्रश्नाबद्दल, कारण आपण सगळीकडे फिरून आलो. आउटबोर्डच्या होडीला मागे मधोमध इंजिन असतं, दोर तिथे बांधता येत नाही. मागच्या दोन्ही कोपऱ्यांतल्या कड्यांना एक दोर बांधून त्याचा व्ही करा आणि व्हीच्या टोकाला लांब दोर. समोरच्याने पुढच्या खालच्या कडीला बांधायचा, जिला ट्रेलरवर चढवताना हूक लावतात ती, वरच्या कठड्याला नाही, कठडा उखडून येतो. दोर लांब ठेवा, इतका की तुम्ही लाटेवर चढता तेव्हा तोही लाटेवर चढतो. तुम्ही वर आणि तो खाली असं झालं की दोराला हिसका बसतो, कडी तुटते नाहीतर दोर.

आणि तुटणारा लायलॉनचा दोर लांबलेला असतो, तो सुटला की चाबकासारखा मागे येतो. दोराच्या रेषेत कुणीही उभं राहायचं नाही, दोन्ही होड्यांत. गाठ अशी मारायची की दोरावर ताण असतानाही हाताने सोडता येईल, आणि तरी एक धारदार सुरी हाताशी. समोरची होडी बुडायला लागली तर विचार न करता कापायचं.

प्रिया_दापोली
माणसं आत असताना कापायचं?

निवृत्त_जहाजी
हो. ती खाली जाताना तुम्हाला मागून ओढते, तुमचा मागचा भाग आधीच खाली असतो, पाणी आत. कापून मग वळून त्यांना उचला. म्हणून तर टोचनला निघण्याआधीच समोरच्यांना जॅकेट घालायला लावायची.

आणि वळताना एकदम वळू नका. दोर आडवा आला की ओढणाऱ्यालाच उलटा करतो. मोठे टग सुद्धा असे उलटलेत. सावकाश जा, समोरच्याने आउटबोर्ड वर उचलून ठेवायचा, माणसं थोडी मागे बसवायची म्हणजे त्याचा पुढचा भाग पाण्यात घुसणार नाही.

तांडेल_हर्णै
आणि खाडीच्या तोंडाशी आलात की घाई करू नका. आंजर्ल्याला पण तोंडाशी वाळू आहे. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जोरात येतं, बाहेरची लाट आत येते, दोन्ही भिडले की लाट उभी राहते, त्यात टोचन घेऊन शिरायचं म्हणजे मागचा तुमच्या पाठीवर चढतो. बाहेर थांबा, नांगर टाका, भरती येऊ द्या. पोरं रडतील, बायका ओरडतील, थांबा.

उत्सुक_मासा
बायका ओरडतील असं का? आमच्याकडे मीच सगळ्यात आधी ओरडतो.

आंजर्ल्याचा_बाळ
सगळ्यांचे आभार. काकांना सगळं वाचून दाखवलं. आग लागलेल्या होडीबद्दल कुणी लिहिलं नाही, असं त्यांचं म्हणणं आहे.

निवृत्त_जहाजी
वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबायचं, धूर आपल्याकडे येता कामा नये, लांब राहायचं. मासेमारी बोटीवर जेवणाचा गॅस सिलिंडर असतो, डिझेलच्या टाक्या असतात. तिला चिकटायचं नाही. माणसांना जॅकेट घालून पाण्यात उतरायला सांगायचं, पोहत लांब यायला सांगायचं, आणि तिथून उचलायचं.

चुलतभाऊ_एकमेव
दोर कुठला घ्यायचा ते सांगा. मिरकरवाड्याला जातोय.

तांडेल_हर्णै
तुमच्या होडीला १२ ते १४ मिमी लायलॉन, निदान पन्नास मीटर. निळा पॉलीप्रॉपिलीन स्वस्त मिळेल, तो तरंगतो म्हणून कॅनबरोबर सोडायला चांगला, पण उन्हाने कडक होतो आणि हिसक्याला तुटतो, टोचनला नको. जुना कापलेला दोर नातलगाकडून फुकट घेऊ नका.

चुलतभाऊ_एकमेव
बाळने तोच आणून ठेवलाय.

आंजर्ल्याचा_बाळ
कपडे वाळत घालायला आणलाय तो.